कारणाचा रकाना

९ जानेवारी

थोरले,

फोन केला की तू "कामात आहे" म्हणतेस आणि ठेवतेस. गेली पाच वर्षं तू इतकी कामात आहेस की तुझ्या त्या चष्म्याच्या दुकानाने एव्हाना साऱ्या जगाला चष्मे लावले असतील. म्हणून हे पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी कुणाचं आहे ते आधी बघावं लागतं, आणि तेवढ्यात एखादी ओळ नजरेखालून जातेच. पत्ता तुझ्या बाबांनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस. मी तीन दिवस त्यांच्याशी अबोला धरला तेव्हा कुठे दिला. मी गप्प बसले की त्यांना बरंच वाटतं, असं तू म्हणशील. पहिले दोन दिवस त्यांनाही तसंच वाटलं होतं.

बातमी अशी की इथे शाळा होणार आहे. आठवीपासून पुढची. पाण्याच्या टाकीमागे ते मैदान आहे ना, जिथे तुझे बाबा ट्रक उभा करतात, तिथे. शिक्षण कार्यालयाने कळवलंय की शाळा कशी असावी ते आईबापांना विचारून ठरवायचं, त्यासाठी नऊ जणांची समिती करायची. इतकी वर्षं कुणी आम्हाला नळ कुठे हवा तेही विचारलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या सभेला निम्मे लोक नुसतं खरं आहे का ते बघायला आले होते. बेकरीवाले काका अध्यक्ष झाले, कारण त्यांचा आवाज मोठा आहे आणि सभेला जागा त्यांच्याकडेच आहे. मला घेतलं, कारण गणवेश शिवून शिवून इथल्या प्रत्येक पोराची कंबर मला पाठ आहे.

धाकटी सातवीत आहे. परीक्षा झाली की तिचंही पुढे काय, हा प्रश्न आहेच. तेव्हा शाळा होणं जरुरीचं आहे, आणि मी त्यात जीव ओतणार आहे.

तुझ्या वेळी इथे शाळा असती तर तूही शिकली असतीस. आठवीची शाळा सहा किलोमीटरवर, रस्त्यावर ट्रकांची ती रांग. आपण तरी काय करणार होतो?

तुझं शिलाई मशीन खिडकीपाशीच आहे. सध्या त्यावर पडद्यांचा ढीग आहे. उत्तर लिहायलाच हवं असं नाही.

आई


२७ जानेवारी

थोरले,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. बाबा म्हणाले, तू ते ड्रॉवरमध्ये ठेवलंस. वाचून की न वाचता, ते काही सांगेनात. घरात भांडण लावायचं नाही हे ते तुझ्याकडूनच शिकले वाटतं.

कार्यालय म्हणतंय, आठवीला निदान चाळीस मुलं दरवर्षी मिळतील आणि आजवर किती घरी बसली, याचा पुरावा द्या. आता प्राथमिक शाळेच्या दप्तरात सातवीपर्यंतची नावं. पुढे कोण कुठे गेलं, कोण घरी बसलं, याची नोंद कुणाकडेच नाही. सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. मी म्हटलं, "माझ्याकडे आहे."

तुला माहीत आहे कशी ते. प्राथमिकचा आकाशी गणवेश मीच शिवते, आणि त्या लांबच्या शाळेचा गडद हिरवाही मीच. सातवीच्या पोराचं आकाशीसाठी माप घेतलं, की पुढच्या वर्षी ते हिरव्यासाठी यायला हवं. जे आलं नाही ते घरी बसलं. अकरा वर्षांच्या वह्या मी पिशवीत घालून बेकरीत नेल्या.

तिथे पंक्चरवाला म्हणाला, "शाळा झाली की तीनशे गणवेश शिवायचे. बाईंना घबाडच आहे." मी म्हटलं, "आणि सहा किलोमीटर सायकल हाणणारी पोरं कमी झाली की तुमच्या पंक्चरी घटतील, म्हणून तुम्हाला शाळा नको का?" सगळे हसले. तोही हसला, पण उशिरा.

मग मी पानं उलटत गेले आणि बेकरीवाले काका बोटांवर मोजत गेले. तुझं पान सुरुवातीच्या एका वहीत होतं. "कंबर बावीस. आठवी, हिरवा." माझंच अक्षर. पुढे "दिला" अशी खूण नाही. ते मोठ्याने न वाचताच मी पान उलटलं. शेवटी काकांनी घरी बसलेल्यांचा साठ आकडा सांगितला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एकसष्ट." त्यांनी वर बघितलं आणि एकसष्ट लिहून घेतलं.

एकसष्टपैकी चव्वेचाळीस मुली.

आता या सगळ्यांच्या आणि यंदा सातवीत असलेल्या पोरांच्या प्रत्येक घरचा एकेक अर्ज भरायचा आहे. त्यात एक रकाना आहे, शाळा सुटण्याचं, किंवा सुटणार असेल तर त्याचं, कारण. काकांनी ठरवलं की सगळ्यांनी "अंतर" लिहायचं. म्हणाले, "दहा जणांनी दहा रडगाणी गायली तर साहेब कान झाकून घेतील. एकच कारण सांगा, वजन पडेल." कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. माझं अक्षर बरं म्हणून वीस-पंचवीस घरांचे अर्ज मीच भरले. आपलाही भरला. त्यातही "अंतर" लिहिलं.

धाकटीने विचारलं, "ताईची शाळा लांब होती म्हणून सुटली ना?" मी म्हटलं, "हात धुवून ये."

आई


१२ फेब्रुवारी

थोरले,

कार्यालयातले साहेब आले होते. बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि बोलणं असं हळू की बेकरीवाले काकांनाही आवाज खाली आणावा लागला. त्यांनी सगळे अर्ज टेबलावर मांडले. एक बघितला, दुसरा बघितला, मग दहा-बारा एकदम चाळले.

"एवढी घरं आणि कारण एकच," ते म्हणाले. "माझ्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं."

काका खूश झाले. त्यांना वाटलं, कौतुक चाललंय.

"हरकत नाही," साहेब म्हणाले. "अंतर हेच कारण असेल तर उपाय सोपा आहे. बस सोडू. शाळा बांधायला तीन वर्षं लागतील, बस पुढच्या सत्रापासून मिळेल. तिकडच्या शाळेत वर्ग रिकामे आहेत. शाळेचा प्रस्ताव मग बंद करता येईल."

मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांनी वाजवल्या. बस काय वाईट आहे? मीही वाजवल्या. हरकत असेल तर आठ दिवसांत कळवा, मी पुन्हा येईन, असं सांगून ते गेले.

धाकटी म्हणाली, बसमध्ये ती खिडकीपाशी बसणार. तिचं ठरलंसुद्धा. तिच्या दृष्टीने विषय संपला. मला मात्र तेव्हापासून काही सुचत नाही. काल एका पँटला दोन्ही पाय डावे लावले. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

आज इस्त्रीवालीकडे गेले होते. तुझ्या वेळी ती इथे नव्हती. कोपऱ्यावर टेबल लावून इस्त्री करते. तिची मुलगी धाकटीच्याच वर्गात आहे, आणि टेबलाखाली खोक्यात वर्षाचं पोर बसलेलं असतं. वर तापलेली इस्त्री, खाली ते. मी विचारलं, "बस येणार म्हणे. पाठवशील ना पोरीला?"

ती म्हणाली, "बघू. जमलं तर."

"जमलं तर म्हणजे?"

"म्हणजे याला कोण बघणार, ताई? एकदा का बसने गेली की दिवस मावळताना येणार."

तिच्या अर्जावरही "अंतर" आहे. मी लिहिलेलं.

मी तिथे उभी राहून त्या खोक्याकडे बघत होते. ते पोर इस्त्रीच्या वायरकडे हात नेत होतं, आणि ती न बघताच पायाने त्याला मागे सारत होती. तुला आठवतं का असं कुणी? मला आठवलं.

पुढचं आज लिहवत नाही.

आई


२१ फेब्रुवारी

थोरले,

हे पत्र फाडायचं असेल तर पूर्ण वाचून मग फाड.

काल साहेब पुन्हा आले, प्रस्ताव बंद करायचा कागद घेऊनच. काकांनी सही करायला पेन उघडलं. मी उठले. सभेत मी उठते ती नेहमी कुणाला तरी टोमणा मारायला, म्हणून दोघं-तिघं आधीच हसायला लागले होते.

मी म्हटलं, "साहेब, यातला एक अर्ज खोटा आहे. माझा."

साहेबांनी तो शोधून काढला. "अंतर खोटं आहे?"

"अंतर खरं आहे. कारण खोटं आहे. बस दारात येऊन उभी राहिली असती, तरी मी माझ्या थोरलीला चढू दिलं नसतं."

मग जे तिथे सांगितलं तेच तुला लिहिते. तुला ते माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलेलं नाहीस. त्या वर्षी दवाखान्याची ऑर्डर आली होती, चारशे चादरी आणि खोल्याखोल्यांचे पडदे. तुझे बाबा आठ-आठ दिवस ट्रकवर. धाकटी दोन वर्षांची, हाताला येईल ते तोंडात घालणारी. एकदा सुया होत्या, आठवतं? मला एकटीला झेपत नव्हतं. तुझ्या आठवीच्या स्कर्टचं कापड मी कापलं होतं, खडूच्या खुणाही केल्या होत्या. तेवढ्यात ती ऑर्डर आली. मी तुला म्हटलं, "एक वर्ष थांब." तू थांबलीस. धाकटीला कडेवर घेऊन थांबलीस, मशीनवर बसून थांबलीस. ऑर्डर संपली, दुसरी आली. वर्षाची पाच वर्षं झाली, आणि तुझे हात इतके तयार झाले की तुला सोडायचं माझ्याच जिवावर येऊ लागलं.

त्या शाळेच्या बाई घरी आल्या होत्या विचारायला. मी त्यांना सांगितलं, रस्ता धोक्याचा आहे, पोरीची जात, आम्हाला धीर होत नाही. तू पडद्याआड धाकटीला घेऊन उभी होतीस. मला माहीत होतं तू ऐकते आहेस. तरी मी बोलले. पुढे ते इतक्या वेळा, इतक्या जणांना सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. तुझ्या बाबांनाही मी तेच सांगितलं होतं. काल सभेत ते मागे उभे होते. त्यांना काल कळलं.

जाताना तू म्हणाली होतीस, "तुला लेक नको होती, जास्तीचे दोन हात हवे होते." मी तेव्हा तुला काय काय बोलले ते लिहीत नाही, तुझ्या लक्षात असेलच. पण तू म्हणालीस ते निम्मं खरं होतं. लेक हवी होती गं. त्या वर्षी मात्र मी हात निवडले. चूक माझी. बाबांची नाही, रस्त्याची नाही, आणि धाकटीची तर मुळीच नाही. मला माफ कर. लिहायला फार उशीर झाला.

सभेत मी खाली बसले. मला वाटलं, आता उद्यापासून गिऱ्हाईक तुटणार. मग इस्त्रीवाली उठली. म्हणाली, "माझाही अर्ज चुकीचा आहे. बस आली तरी माझी पोर जायची नाही. हे आहे ना," आणि तिने कडेवरचं पोर पुढे केलं, जणू तोच पुरावा. तिच्या मागून पंक्चरवाला. तो उभाही राहिला नाही, बसल्या जागीच म्हणाला, "माझ्या मोठ्याला मीच दुकानात बसवलंय. अंतर कसलं, त्याला सायकल फुकट होती." एकेक करून किती जण बोलले. कुणाची आजारी सासू, कुणाचं दुकान, बहुतेकींची धाकटी भावंडं. साहेबांनी ते जुने अर्ज बाजूला सारले आणि कोरा कागद घेतला. पेनातली शाई संपली म्हणून दुसरं पेन काढलं. दोन पेनं का बाळगतात ते तेव्हा कळलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "मग शाळा इथे बांधून तरी काय होणार? कारणं तर घरातच आहेत."

उत्तर इस्त्रीवालीने दिलं. ती म्हणाली, "जवळ असली तर पोर मधल्या सुट्टीत येऊन जाईल. आणि याला तिथेच कुठे ठेवायची सोय केलीत, तर यायलाही नको."

साहेबांनी तो बंद करायचा कागद घडी करून खिशात ठेवला. सही झाली नाही.

घरी येताना तुझे बाबा माझ्याबरोबर चालत होते, पण एक शब्द बोलले नाहीत. आज पहाटे न सांगता ट्रक घेऊन गेले. अबोला धरायची पाळी आता त्यांची आहे. मी काही म्हणणार नाही.

आई


२० मार्च

थोरले,

तुझे बाबा बोलायला लागले आहेत. पहिलं वाक्य "मीठ दे" होतं, पण सुरुवात झाली. तुझ्याकडे येऊन गेले ना ते? तुझ्या खोलीत बसवून तू त्यांना चहा दिलास, एवढंच त्यांनी सांगितलं. दोघांत काय बोलणं झालं ते मी विचारणार नाही. विचारलं, पण ते सांगत नाहीत.

शाळेचं ऐक. साहेब नकाशा घेऊन आले, हा एवढा मोठा कागद. सगळे त्यावर वाकले आणि माना डोलावल्या. कुणालाच काही कळत नव्हतं. मला तर सगळ्या खोल्या खिशांसारख्या दिसत होत्या. मी म्हटलं, "साहेब, आम्ही नवीन गिऱ्हाइकाचं महागाचं कापड एकदम शिवत नाही. आधी कच्चे टाके घालतो, अंगावर चढवून बघतो, मग पक्की शिलाई. ही शाळासुद्धा आम्हाला आधी अंगावर चढवून बघू द्या."

तर रविवारी आम्ही मैदानावर शाळा आखली. खऱ्या मापाची. काकांनी बेकरीतली सुतळीची रिळं आणली, पंक्चरवाल्याने खुंट्या, साहेब नकाशा वाचत होते आणि मी टेप धरून. माझी टेप दीड मीटरची, त्यामुळे शाळेच्या एका भिंतीला एकवीस वेळा वाकावं लागलं. कंबर अजून दुखते. पांढऱ्या चुन्याने दारं आखली. मग सगळ्यांनी त्या शाळेत चालून बघायचं. साठ माणसं हवेतल्या दारांतून आत-बाहेर करत होती. कुणी सुतळीवरून गेलं की धाकटी ओरडायची, "भिंतीतून जाऊ नका." ऐकणं भाग होतं, ती दारात उभी होती.

चालल्यावर कळलं. लहानग्यांची खोली नकाशात पार मागे, सगळ्या वर्गांच्या पलीकडे होती. इस्त्रीवाली पोराला घेऊन तिथवर गेली, परत आली, म्हणाली, "घंटा झाल्यावर याला सोडून वर्गात जायचं तर पोरीचा पहिला तास बुडाला." साहेबांनी स्वतः चार खुंट्या उपटल्या आणि फाटकाजवळ ठोकल्या. पंक्चरवाल्याने सायकली ठेवायच्या जागेवर हरकत घेतली, तिथे पाणी साठतं म्हणाला. तीही हलवली. त्यानंतर तो असा काही छाती काढून फिरत होता, जणू शाळा त्याच्याच पंपाने फुगवलेली.

आणि प्रस्ताव मंजूर झाला. काल पत्र आलं. लहानग्यांच्या खोलीसकट.

इमारतीला तीन वर्षं लागणारच. पण तोवर थांबायचं नाही, असं साहेबांनीच सुचवलं. बेकरीमागच्या दोन रिकाम्या खोल्यांत पुढच्या सत्रापासून आठवीचा वर्ग भरणार, त्या लांबच्या शाळेची शाखा म्हणून. एका खोलीत वर्ग, दुसरीत लहानगी. भट्टीचा वास दिवसभर वर्गात येणार. गणितात कुणाचं लक्ष लागेल असं वाटत नाही.

शाखा असल्यामुळे गणवेश तोच. गडद हिरवा.

आता जे विचारायला हे पत्र लिहायला घेतलं ते विचारते. तुझं ते कापड माझ्या ट्रंकेत आहे. कापलेलं, खुणा केलेलं, घडी घातलेलं. मी त्याच्या पिशव्या शिवल्या असं तुला एकदा सांगितलं होतं, तेही खोटं. टाकवलं नाही आणि शिववलंही नाही. परवा धाकटीला ते सापडलं. अंगाला लावून बघितलं तर जवळजवळ बसतंय, एक इंचाचा फरक. तिने विचारलं, "हे माझं का?" मी म्हटलं, "नाही. ताईचं आहे." तिने गपचूप घडी घालून परत ठेवलं.

नवीन कापड दुकानात भरपूर आहे. तिला काही कमी पडणार नाही. पण हे कापड तिला शिवू का, ते तुला विचारते. तुझ्या वाटणीचं काढून तिला द्यायचं, हे मी एकदा तुला न विचारता केलं आहे. या वेळी तू हो म्हणालीस तरच कात्री-सुई लावीन. नाही म्हणालीस तर ते तुझं म्हणून ट्रंकेत राहील, आणि मी एका शब्दाने विचारणार नाही.

आई


१८ मे

थोरले,

हे पत्र आठवण करायला नाही. आठवण करायलाच आहे, पण घाई करायला नाही.

चव्वेचाळीस हिरवे गणवेश शिवून झाले. पंचेचाळीस मुलांची नावं आली, आम्ही चाळीस म्हणत होतो. इस्त्रीवालीच्या मुलीचा कालच दिला. तिने तो घरी नेऊन आईकडून इस्त्री करून घेतला, आणि आईने म्हणे तीन वेळा केली. पंक्चरवाल्याचा मोठा दोन वर्षांनी पुन्हा वर्गात बसणार आहे. मिसरूड फुटलंय, त्याला लाज वाटते. बापाने त्याला सांगितलं, "लाज मला वाटायला हवी, तू जा."

वहीत सगळ्यांपुढे "दिला" अशी खूण झाली. एक धाकटीची राहिली आहे. ती विचारत नाही, पण रोज दुकानात येऊन ट्रंकेवरच बसते. शाळा पंधरा जूनला सुरू होतेय. नऊ तारखेपर्यंत तुझं काही आलं नाही, तर नवीन कापड कापीन. त्यात राग नाही. खरंच नाही.

आई


७ जून

थोरले,

तुझं पत्र आलं. टपालवाल्याने दुकानात आणून दिलं तेव्हा मी एका बाईचं माप घेत होते. तिच्या गळ्यात टेप तशीच सोडून मी आत गेले. ती बिचारी बराच वेळ हात वर करून उभी होती.

चार ओळी. मी त्या बाबांना वाचून दाखवल्या, धाकटीला दाखवल्या, मग काहीतरी निमित्त काढून इस्त्रीवालीलाही दाखवल्या. आता पाठ झाल्या आहेत, तरी इथे उतरवून काढते, म्हणजे तू लिहिलंस ते मला नीट कळलं की नाही हे तुला बघता येईल.

"शिव. माझं माप पुसून टाक आणि तिचं नव्याने घे. दुमड चार बोटांची ठेव, ती माझ्यासारखी उंच होणार. पंधराला सकाळी येईन, पण दुकानात काम करणार नाही."

खडूच्या खुणा झटकल्या. दहा वर्षांचा खडू, सहज निघेना, ओल्या फडक्याने पुसावा लागला. धाकटीला स्टुलावर उभं केलं. ती मापाला हलते, तू हलायची नाहीस. कंबर तेवीस. चुण्या थोड्या लहान घेतल्या आणि बसलं. दुमड चार बोटांची ठेवली आहे, तुझ्या नव्हे तर माझ्या बोटांनी. तुझी बोटं आता किती जाड झाली आहेत मला माहीत नाही. वहीतलं तुझं जुनं पान काढलं आणि त्या "आठवी, हिरवा" पुढे लिहिलं, "थोरलीने दिला."

आणि तुझं शेवटचं वाक्य. काल मी आणि बाबांनी तुझं मशीन खिडकीपासून उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. पडद्यांचा ढीग माझ्या पलंगावर आहे, मी बघते त्याचं काय करायचं ते. खिडकीपाशी आता एक खुर्ची आहे, पाठीची. तिथून बेकरीचं मागचं दार दिसतं, पोरं आत जाताना दिसतील.

काम करू नकोस. नुसती बसून राहा. चहा मी आणून देईन.

आई